दिल्लीचा पाहुणचार

राजधानीस जाणारा मनुष्य दोन प्रकारचा असतो. एक कामासाठीं जाणारा व दुसरा पाहण्यासाठीं जाणारा. पहिल्याच्या नोंदी दप्तरांत राहतात. वकील केव्हां आला, नजराणा काय आणला, कोणत्या उंबरठ्यापाशीं किती दिवस तिष्ठत राहिला, हें सारें इतिहासकारास सांपडतें. दुसरा मनुष्य मात्र येतो तसा जातो. त्यानें बाजारांत काय घेतलें, कोणत्या बागेंत सावलीस बसला, रात्रीं पाठ कोठें टेकली, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनांत या दुसऱ्या मनुष्यास जागा नव्हती, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

ही उणीव एका विद्यार्थिनीमुळें आमच्या ध्यानीं आली. कांहीं वर्षांपूर्वी कॉलेजची सहल घेऊन आम्ही दिल्लीस गेलों होतों. दिवाण-इ-खासच्या रित्या ओट्यापुढें उभें राहून आम्हीं मयूरासनापासून १८५७ पर्यंतचा इतिहास पाऊण तास सांगितला आणि कोणास कांहीं शंका आहे काय म्हणून विचारलें. एक मुलगी म्हणाली, "सर, शाहजहानच्या वेळीं आपण चाळीस जण असेच आलों असतों, तर आपल्याला इथपर्यंत येऊं दिलं असतं का? आणि आपण उतरलों कुठं असतों?" मुलें हंसलीं. पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें होतें. येऊं दिलें नसतें. दुसऱ्याचें उत्तर आम्हांस त्या क्षणीं देतां आलें नाहीं. परत आल्यावर पुस्तकें चाळलीं तेव्हां कळलें कीं, तें उत्तर किल्ल्यापासून पायीं पाव तासाच्या वाटेवर होतें. फक्त तें पुसून टाकलेलें होतें. त्या शोधांत जें हातीं लागलें तेंच येथें मांडीत आहों.

शाहजहाननें १६३९ सालीं यमुनेच्या कांठीं या किल्ल्याचा पाया घातला आणि १६४८ त दरबार नव्या नगरांत आणला. नगरास त्याच्यावरून शाहजहानाबाद हें नांव मिळालें. किल्ला लोकांच्या डोळ्यांत भरावा म्हणूनच बांधला होता. परंतु त्याचें दर्शन पायरीपायरीनें मिळे. लाहोरी दरवाज्यांतून आंत गेलें कीं छत्ता चौक, म्हणजे छताखालचा बाजार, लागे. दोहों बाजूंस बत्तीस बत्तीस कमानींचीं दुकानें. त्यापुढें नगारखाना, मग दिवाण-इ-आम, मग निवडक लोकांसाठीं दिवाण-इ-खास. प्रत्येक दारापाशीं माणसें गळत जात आणि शेवटच्या दारांतून मूठभरच आंत पोंचत. सत्तेची भव्यता दाखवण्याची ही जुनी रीत आहे. थोडें दाखवावयाचें आणि पुष्कळ झांकावयाचें.

परंतु त्याच लाहोरी दरवाज्याकडे पाठ फिरवून पश्चिमेकडे पाहिलें म्हणजे या रीतीच्या अगदीं उलट चीज दिसत असे. दरवाज्यापासून फत्तेपुरी मशिदीपर्यंत सुमारें पंधराशें यार्ड लांब व चाळीस यार्ड रुंद असा सरळ रस्ता गेला होता. त्याच्या मधोमध कालव्याचें पाणी वाहत होतें. रस्त्याच्या मध्यावर बादशहाची वडील मुलगी जहानआरा हिनें १६५० च्या सुमारास एक अष्टकोनी चौक बांधविला व त्यांत हौद केला. हौदांत चांदणें पडे म्हणून तो चांदणी चौक, असें नांवाचें मूळ सांगतात. चौकाच्या दक्षिणेस तिनें हमाम बांधविला. उत्तरेस मोठी बाग लावविली. आणि बागेपाशीं परदेशच्या व्यापाऱ्यांसाठीं सराई उभारली. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें उत्तर ही सराई होय. आमचे चाळीस जण तेथें उतरते कीं नाहीं हें त्यांच्या खिशावर अवलंबून राहिलें असतें. पण परक्या माणसानें उतरावें कोठें, हा प्रश्न त्या काळीं राजघराण्यांतील कोणास तरी पडला होता, एवढें निश्चित.

जहानआरेची थोडी ओळख द्यावयास हवी. १६३१ त आई मुमताजमहल वारली तेव्हां ही सतरा वर्षांची होती. आईच्या संपत्तीचा अर्धा वांटा तिला मिळाला व जनानखान्याचा सारा कारभार तिच्याकडे आला. पुढें सुरत बंदराचें उत्पन्न तिला नेमून दिलेलें होतें. समुद्रावरून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात जिच्या पदरीं पडत होती, तिनेंच खुष्कीच्या वाटेनें येणाऱ्या व्यापाऱ्यांस राजधानींत निवारा दिला, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

या सराईचें वर्णन करून ठेवणारा बर्नियर हा फ्रेंच वैद्य. त्यानें १६६३ सालीं दिल्लीहून स्वदेशीं लिहिलेल्या लांबलचक पत्रांत या नगराचें जें चित्र काढलें आहे, तें दरबारी बखरींत मिळत नाहीं. सराई म्हणजे एक मोठा चौरस, चहूंबाजूंनीं कमानी, प्रत्येक कमानीच्या आंत लहानशी खोली, आणि वरच्या मजल्यावर सज्जा व तितक्याच खोल्या. इराणी, उझबेक व इतर परदेशीय धनिक व्यापारी तेथें उतरत. रात्रीं दरवाजा बंद होत असल्यामुळें माल निर्धास्त राही. जामा मशिदीखेरीज नगरांतील दुसरी कोणती इमारत वाखाणावी, तर ही सराई, असें त्याचें मत होतें. पॅरिसमधील एका प्रसिद्ध चौकाशीं तिची तुलना करून तो म्हणतो कीं, अशा वीसेक इमारती पॅरिसच्या निरनिराळ्या भागांत असत्या, तर नवख्या माणसाची तेथें उतरण्याच्या जागेसाठीं होणारी ओढाताण वांचली असती. पॅरिस सोडून आलेल्या माणसानें दिल्लीच्या पाहुणचाराविषयीं हें लिहावें, याचें मोल वेगळें सांगावयास नको.

तथापि बर्नियर भाट नव्हता. दिल्लीचा बाजार पाहून त्याची निराशाही झाली. मूल्यवान माल दुकानांत मांडलेला नसून कोठारांत दडवून ठेवलेला असे. झगमगीत कापडाचें एक दुकान दिसलें तर पंचवीस दुकानें तेलातुपाच्या घागरींचीं व धान्याच्या टोपल्यांचीं असत. फळांचा बाजार मात्र डोळे निववणारा. बल्ख, बुखारा, समरकंद येथला सुका मेवा, थंडीच्या दिवसांत कापसांत गुंडाळून आणलेलीं ताजीं द्राक्षें, आणि भाव ऐकून मागें सरावें असे खरबूज. त्याचा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. या नगरांत मधल्या स्थितीचा मनुष्य नाहीं. एक तर अमीर असावें, नाहीं तर हलाखींत दिवस काढावेत, असें त्यानें स्पष्ट लिहिलें आहे. राजधानीच्या दुकानदारीवर याहून कठोर टीका आमच्या वाचनांत नाहीं.

किल्ल्यापुढील मैदानांत करमणुकीचा बाजार भरे. बाजीगर, वैदू, आणि उन्हांत सतरंजीवर पोथ्या मांडून बसलेले ज्योतिषी. त्यांत गोव्याहून पळून आलेला एक मिश्र रक्ताचा पोर्तुगीज होता. त्यास लिहितां वाचतां येत नव्हतें. जवळ एक जुनें होकायंत्र आणि पोर्तुगीज भाषेंतील दोन प्रार्थनापुस्तकें. पुस्तकांतील चित्रें तो फिरंग्यांच्या राशी म्हणून दाखवी, आणि गिऱ्हाइकांस तोटा नसे. एका पाद्र्यानें त्यास हटकलें तेव्हां, गिऱ्हाइकाच्या अकलेप्रमाणेंच ज्योतिषी असावयाचा, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें. कोंकणच्या किनाऱ्यावरून दिल्लीस जाऊन पोट भरणाऱ्या माणसांपैकीं आम्हांस माहीत असलेला हा बराच जुना इसम होय.

पाहुण्यांच्या आनंदासाठीं बांधलेल्या रस्त्याचा दुसराही उपयोग करतां येतो, हें लौकरच दिसून आलें. १६५९ त औरंगजेबानें वडील भाऊ दारा शुकोह याची, मळकट पोशाख घालून व गलिच्छ हत्तिणीवर उघडें बसवून, याच बाजारांतून धिंड काढली. गर्दींत बर्नियर उभा होता. लोक रडत होते, पण कोणीही हात उचलला नाहीं, असें तो सांगतो. दारा हा जहानआरेचा सर्वांत लाडका भाऊ. ती स्वतः त्या वेळीं आग्र्यास कैदेंतील बापाची सेवा करीत होती. १६७५ त याच रस्त्यावर गुरु तेगबहादुर यांचा वध झाला. शीसगंज गुरुद्वारा त्या जागीं उभा आहे. तेव्हां चांदणी चौकाच्या आठवणी नुसत्या अत्तराच्या व जिलेबीच्या नाहींत.

आतां आमच्या लोकांकडे वळतों. मराठे दिल्लीस पाहुणे म्हणून क्वचितच गेले. १७३७ च्या मार्चअखेर पहिला बाजीराव दिल्लीच्या दाराशीं अचानक जाऊन थडकला तेव्हां नगरांतील लोक कालकादेवीच्या जत्रेस बाहेर पडलेले होते. जत्रेस आलेल्या या लोकांस आपल्या फौजेनें झोडपल्याचें बाजीरावानेंच चिमाजीअप्पास लिहिलें आहे. त्याच पत्रांत, दिल्ली हें थोर स्थळ आहे, तें जाळण्यांत लाभ नाहीं, अतिरेकानें राजकारण बिघडतें, असाही विचार आहे. हा विचार आम्ही मुलांस अभिमानानें शिकवितों. जत्रेची गोष्ट मात्र गाळतों. सणाचे कपडे घालून, पोरेंबाळें घेऊन बाहेर पडलेल्या त्या माणसांच्या बाजूनें तो दिवस एकदां पाहिला पाहिजे, असें आम्हांस हल्लीं वाटूं लागलें आहे.

पुढल्याच वर्षीं दक्षिणेंतून आणखी एक मनुष्य दिल्लीस गेला. तो पाहण्याच्या दृष्टीचा होता. निजामाच्या परिवारांतील दर्गाह कुली खान हा १७३८ पासून १७४१ पर्यंत तेथें राहिला. पुढें तो औरंगाबादचा सुभेदार झाला. त्यानें फारसींत लिहिलेला 'मुरक्का-इ-दिल्ली' हा ग्रंथ म्हणजे त्या नगराच्या करमणुकीची जंत्रीच आहे. कोणत्या दर्ग्यावर कोणत्या दिवशीं उरूस भरतो, कव्वाल कोण, बीन कोण वाजवितो, कोणत्या गायिकेच्या दारीं पालख्यांची गर्दी होते, हें सारें त्यांत आहे. चांदणी चौकांतील कहव्याच्या दुकानांत कवि जमत. सादुल्लाखानाच्या चौकांत कथेकरी, वैदू, पक्षी विकणारे यांची झुंबड असे. चांदणी चौकाची महागाई सांगतांना त्यानें एक गोष्ट दिली आहे. एका अमीरजाद्यास चौकांत जाण्याची हौस झाली. विधवा आईनें बापाच्या ठेव्यांतून एक लाख रुपये काढून दिले आणि म्हटलें कीं, एवढ्यांत तेथील अपूर्व वस्तु येणार नाहींत हें खरें, पण गरजेपुरती खरेदी होईल.

ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यापूर्वी एक सन ध्यानांत घ्यावा. दर्गाह कुली दिल्लींत असतांनाच, मार्च १७३९ मध्यें, नादिरशहानें याच रस्त्यावरील सोनेरी मशिदींत बसून कत्तलीचा हुकूम दिला. हजारों माणसें मेलीं. मयूरासन इराणांत गेलें. तरी त्या ग्रंथाचा विषय कत्तल नसून गाणें, उरूस व मैफली हाच आहे. दिल्लीकर निर्ढावले होते, असा याचा अर्थ आम्ही पूर्वी लावीत होतों. आतां वाटतें कीं, सिंहासन गेल्यावर त्या नगराजवळ स्वतःचें म्हणून जें उरलें होतें, तेंच त्या प्रवाशानें टिपून ठेवलें.

१७६० च्या पावसाळ्यांत सदाशिवरावभाऊंनीं दिल्ली घेतली. फौजेस पैसा नव्हता, धान्य मिळत नव्हतें, उत्तरेकडून अब्दालीचा धाक होता. भाऊंनीं दिवाण-इ-खासचें चांदीचें छत उतरवून त्याचीं नाणीं पाडलीं. अडचण खरी होती. परंतु छत आमच्या माणसांनीं काढलें हेंही खरें, आणि त्या दालनांत उभें राहून बोलणाऱ्या मराठी शिक्षकानें तें चोरून ठेवूं नये. त्याच रस्त्याच्या पूर्व टोकास, जैनांच्या लाल मंदिराशेजारीं, गौरीशंकराचें देऊळ आहे. तें आपा गंगाधर नांवाच्या मराठी गृहस्थानें १७६१ च्या सुमारास बांधलें, असें सांगतात. मराठ्यांनीं दिल्ली राखली, बादशहास गादीवर बसविलें, महादजी शिंद्यांच्या हातीं तेथील सारी सूत्रें आलीं. १८०३ त तें सर्व इंग्रजांकडे गेलें. देवळांत मात्र घंटा वाजते आणि फुलवाला पुडी बांधतो. उतरवलेल्या छतापेक्षां बांधलेलें देऊळ अधिक टिकलें.

इंग्रजी अमलांत बादशाही नांवापुरती उरली. पण याच पडत्या काळांत दिल्लीचा सर्वांत गोड उत्सव निघाला. दुसऱ्या अकबरशहाचा मुलगा मिर्झा जहांगीर यास इंग्रजांनीं अलाहाबादेस धाडलें होतें. तो परत यावा म्हणून आईनें केलेला नवस फेडण्यासाठीं मेहरोलीस फुलांची चादर नेण्यांत आली, आणि पुढें ती दरवर्षींची 'फूलवालोंकी सैर' झाली. ख्वाजा बख्तियार काकीच्या दर्ग्यावर चादर व योगमायेच्या देवळांत फुलांचा पंखा, अशी त्याची रीत पडली. पावसाळा संपतांना हिंदु मुसलमान बरोबरीनें त्यांत जात. १९४२ त सरकारनें ही सैर बंद केली. पंडित नेहरूंच्या उत्तेजनानें ती १९६२ च्या सुमारास पुन्हां सुरू झाली. जहानआरेच्या सराईस असें पुनरुज्जीवन लाभलें नाहीं.

१८५७ च्या सप्टेंबरांत इंग्रजांनीं दिल्ली परत घेतली. लोकांस नगराबाहेर काढलें. कोतवालीपुढें फांसाचे खांब उभे राहिले. किल्ल्यांतील बहुतेक इमारती पाडून तेथें शिपायांच्या बराकी झाल्या. जहानआरेची सराईही पाडली, आणि पुढील दशकांत त्या जागीं विलायती धर्तीची मोठी इमारत झाली, तीच नगरपालिकेचा टाऊन हॉल. बागेस राणीची बाग म्हणूं लागले. समोर राणीचा पुतळा बसला. हौदाच्या जागीं घड्याळाचा मनोरा आला. सुधारणा म्हणून पाहिल्यास यांत वाईट कांहींच नाहीं. नगरास सभागृह हवें, घड्याळही हवें. पण पूर्वी जेथें परका मनुष्य निजत होता, तेथें आतां त्याच्यावरील कर ठरूं लागला. राज्यें बदलतात तेव्हां तह व लढाया आपण घोकतों. हा बदल मात्र कोणत्याही सनावळींत येत नाहीं.

१९११ च्या दरबारांत राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस आणण्याचें जाहीर झालें आणि १९३१ त नव्या दिल्लीचें उद्घाटन झालें. तिच्यासाठीं रॉबर्ट टॉर रसेल यानें कॅनॉट प्लेस हा गोल बाजार रचिला. तो १९३३ च्या सुमारास पुरा झाला. खालीं खांबांची ओसरी व दुकानें, वर राहण्याच्या जागा, मध्यें हिरवळ. बर्नियरनें वर्णिलेली सराई मनांत ठेवून तेथें हिंडलें तर घडण ओळखीची वाटते; फक्त चौरसाचा गोल झाला आहे, आणि दमलेल्या पांथस्थाची खोली तेवढी गळली आहे.

नव्या राजधानीस खरा बाजार दिला तो मात्र सरकारी शिल्पकारांनीं नव्हे. १९४७ च्या फाळणींत पंजाब व सरहद्द प्रांतांतून लाखों निर्वासित दिल्लीस आले. ज्यांच्यासाठीं कोणी सराई बांधली नव्हती अशा या पाहुण्यांनीं पदपथावर कापड मांडलें, हातगाड्या लावल्या, आणि थोड्याच वर्षांत राजधानीस आपला गिऱ्हाईक करून सोडलें. १९५१ सालचा खान मार्केट हा अशा निर्वासितांसाठींच वसविलेला. त्याचें नांव सरहद्द प्रांताचे पुढारी डॉ. खानसाहेब यांच्यावरून पडलें. आज तो देशांतील अत्यंत महागड्या बाजारांत मोडतो, हें पाहून दर्गाह कुलीची ती अमीर विधवा आठवते.

जहानआरा १६८१ त वारली. हजरत निजामुद्दीनच्या आवारांत तिची संगमरवरी कबर आहे. वर घुमट नाहीं, छप्पर नाहीं, मधल्या मोकळ्या मातींत गवत उगवतें. तसेंच असावें ही तिची इच्छा होती. जिनें इतरांच्या डोक्यावर छप्पर घातलें तिनें स्वतःसाठीं तें मागितलें नाहीं. तिचा चौकही आतां राहिला नाहीं. नांव तेवढें सबंध रस्त्यास चिकटलें आहे. घड्याळाचा मनोरा १९५० च्या सुमारास ढासळला व नाहींसा झाला. २०२१ सालीं किल्ल्यापासून फत्तेपुरीपर्यंतच्या रस्त्यावर दिवसा मोटारींस मनाई करून तो पायीं चालणारांसाठीं सजविण्यांत आला. दरीब्यांतील चांदी, किनारी बाजारांतील गोटापट्टी, खारी बावलींतील मसाले, नई सडकेवरील पुस्तकें, हें पाहत माणसें त्यावरून पुन्हां सावकाश चालूं लागलीं.

त्यानंतरच्या सहलींत आम्हीं आपला क्रम बदलला आहे. मुलांस प्रथम किल्ल्यांत न नेतां टाऊन हॉलच्या पुढील बाजूस नेतों, आणि येथें एक सराई होती एवढेंच सांगून पांच मिनिटें गप्प राहतों. मुलें इकडे तिकडे पाहतात. कोणी विचारतें, "सर, इथं तर कांहींच दिसत नाहीं?" मग आम्ही बर्नियरपासून सुरुवात करतों. सिंहासनाकडे जावयास पुढें सारी दुपार असते.